एक गोळी की पाच

आमच्या घरात तीन बंदुका होत्या, हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. शाळेतल्या सहकाऱ्यांनाही कधी सांगितलं नाही. मुसलमानाच्या घरी तीन बंदुका म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा कसा बदलतो, ते मला माहीत आहे. पुढची दहा मिनिटं मग खुलासा करण्यात जातात. म्हणून खुलासा आधीच करून टाकतो. तिन्ही परवान्यावरच्या होत्या, तिन्हींचे नंबर पोलीस ठाण्याच्या रजिस्टरमध्ये होते, आणि निवडणूक लागली की अब्बा त्या गोणपाटात गुंडाळून ठाण्यात जमा करत. निकाल लागला, आचारसंहिता उठली की पावती दाखवून परत आणत. आमच्या गावात या गोष्टीचं कुणाला काही वाटत नाही. बाणकोट खाडीच्या या बाजूला ज्याची भातशेती आहे, त्याला रानडुकरं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

गोष्ट २०२० सालची. टाळेबंदीमुळे शाळा बंद होती आणि मी बायकोमुलांसह गावी अडकलो होतो. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला धडकलं आणि दुपारपर्यंत आमच्या घराची निम्मी कौलं अंगणात आली. पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. आजोबांनी लावलेली आंब्याची चार कलमं मुळासकट आडवी झाली. माळ्यावर पाणी गेलं, तसं अब्बांनी सगळ्यात आधी दोन गोष्टी खाली उतरवल्या. एक कुरआन शरीफचा जुना रेहलसकट गठ्ठा, आणि दुसरी बंदुकांची लाकडी पेटी.

दोन दिवसांनी ऊन पडल्यावर अब्बांनी ओटीवर चटई टाकून तिन्ही बंदुका मांडल्या. शिलाई मशीनचं तेल, जुनी लुंगी फाडून केलेल्या चिंध्या आणि एक लांब गज, एवढं सामान. पुसता पुसता म्हणाले, "यातल्या दोनच राहणार आहेत. वर्ष संपायच्या आत एक जमा करायची आहे."

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. पूर्वी एका परवानाधारकाला तीन हत्यारं ठेवता येत होती, आता दोनच. वारशाने आलेली असली तरी दोनच. जादाचं हत्यार एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे द्यायचं. त्यातले जवळजवळ सहा महिने तर निघूनही गेले होते.

पहिली होती बारा बोअरची एकनळी. ती राहणार हे ठरलेलंच होतं. शेतीसंरक्षणाला तीच उपयोगी. हवेत बार काढला तरी कळप पळतो, आणि तिची काडतुसं मिळतात. प्रश्न उरलेल्या दोन रायफलींचा होता. दोन्ही आजोबांच्या. एक एकबारी, एक बोल्टवाली.

"परवाना उद्या तुझ्या नावावर व्हायचा आहे," अब्बा म्हणाले, "तेव्हा कुठली ठेवायची ते तू ठरव."

मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं. मला एकबारी हवी होती.

ती मार्टिनी पद्धतीची आहे. चापाच्या मागे एक लोखंडी दांडा. तो खाली ओढला की आतला ठोकळा झुकतो आणि रिकामी पुंगळी मागे निघते. नवं काडतूस अंगठ्याने आत सरकवायचं, दांडा वर घ्यायचा, झालं. घोडा आतल्या आत चढतो. बाहेर फक्त बाजूला थेंबाच्या आकाराची एक खूण फिरते. त्या खुणेवर बोट ठेवून अंधारातही कळतं की बंदूक तयार आहे की नाही. मूळ कल्पना पीबॉडी नावाच्या अमेरिकन माणसाची, ती स्वित्झर्लंडमधल्या मार्टिनीने सुधारली, नळीतले आटे एडिंबरोच्या हेन्रीचे. १८७१ मध्ये ब्रिटिश लष्कराने ही मार्टिनी-हेन्री घेतली आणि पुढे हीच यंत्रणा लहान करून शिकारीच्या रायफली निघाल्या. मागेपुढे सरकणारा बोल्ट नसल्याने लांबी कमी, वजन कमी. हातात घेतली की हाताचाच भाग वाटते. आमच्या मार्टिनीचा अक्रोडाचा दस्ता गालाच्या जागी झिजून काळा तुकतुकीत झाला आहे. तो माझ्या आजोबांचा गाल.

दुसरी बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची, .३१५ मापाची. लष्कराची .३०३ गोळी लोकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानात तिच्यावर बंदी घातली. त्यातून वाट काढायला कारागिरांनी सांगाडा सैन्याच्याच ली पद्धतीचा ठेवला आणि गोळीचं माप बदललं. याच मापाची रायफल आजही आपल्या सरकारी आयुध कारखान्यात बनते. हिच्या पोटाखाली पाच गोळ्यांची पेटी. उजव्या हाताची मूठ वर उचलून मागे ओढली की पुंगळी बाहेर, पुढे ढकलली की पुढची गोळी आपोआप नळीत, मूठ खाली दाबली की तयार. नेमावरचा डोळा हलवावा लागत नाही. दिसायला मात्र ती मला नेहमी पोलीस ठाण्यातली वाटायची. कामाची, पण बोलण्यासारखं काही नसलेली.

मार्टिनीबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ होतं. आजोबा एका गोळीचे माणूस होते, ही आमच्या घरची दंतकथा. मी ती वर्गात किती वेळा सांगितली असेल! उर्दू माध्यमाच्या मुलांना मी मराठी शिकवतो. मुलं विचार न करता लिहितात, मग खोडतात, पुन्हा लिहितात. वहीला भोकं पडतात. त्यांना मी सांगायचो, माझ्या आजोबांच्या बंदुकीत एकच गोळी मावायची. म्हणून ते आधी बघायचे, मग थांबायचे, मग पुन्हा बघायचे. दुसरी संधी आहे असं कळलं की माणूस पहिली वाया घालवतो. मुलं कान देऊन ऐकायची. बंदुकीची गोष्ट कोण ऐकणार नाही?

अब्बांपुढेही मी हीच वकिली केली. आफ्रिकेत हत्तींमागे फिरलेला सेलूस वर्षानुवर्षं एकबारी फार्कुहारसन वापरायचा, हे सांगितलं. अमेरिकेत बोल्टच्या रायफली घरोघरी असताना १९६७ मध्ये रुगरने मुद्दाम एकबारी 'नंबर वन' बाजारात आणली आणि लोकांनी ती आवडीने घेतली, हेही सांगितलं. जनावराला निसटायची संधी हवी, माणसाने स्वतःवर बंधन घालून घ्यावं, हा त्यामागचा विचार. अब्बा चिंधीने नळी पुसत राहिले. "कॉर्बेटकडे काय होती रे?" एवढंच त्यांनी विचारलं. कॉर्बेटची आवडती रिग्बीची .२७५, म्हणजे बोल्टवाली. मी म्हणालो, "त्याचं वेगळं होतं, तो नरभक्षकांमागे जायचा." अब्बा म्हणाले, "हं."

पावसाळा गेला. भात पिवळं पडलं. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी शेजारच्या वाडीतून तात्यांचा मुलगा आला. तात्या म्हणजे आजोबांच्या बरोबरीचे कुणबी शेतकरी, जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मुलगा स्वतःच साठीचा आहे. अब्बांना भाई म्हणतो, मला मास्तर.

"भाई, रात्री आली होती. येऊन बघा जरा."

आम्ही गेलो. दोन गुंठ्यांतलं भात लोळवलं होतं, खाल्लं त्यापेक्षा तुडवलं जास्त. बांध उकरले होते. वादळाने बाग गेली आणि आता हे. तो काही बोलत नव्हता, लोंब्या उचलून बघत होता. परवानगीशिवाय डुकराला मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. पिकाच्या नासाडीसाठी वनखात्याकडे अर्ज करावा लागतो. रात्री जागून, पत्र्याचे डबे वाजवून, अब्बांनी बांधावरून हवेत बार काढून जे वाचेल ते वाचवायचं.

वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "आमचे आजोबा असते तर एका गोळीत काम केलं असतं. एकच गोळी, पण वाया नाही."

तात्यांच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग अब्बांकडे. अब्बा खाली बघत होते. तो म्हणाला, "हो, मास्तर. नेम होता त्यांचा." आणि बांध सारखा करायला वाकला.

परत येताना वाटेतल्या फणसाखाली अब्बा थांबले.

"तात्या लंगडायचे, आठवतं तुला?"

आठवत होतं. लहानपणी मी त्यांना तसंच पाहिलं होतं, एक गुडघा न वाकणारा. पोलिओ असेल असं समजून मी कधी विचारलंच नाही.

मग अब्बांनी सांगितलं. १९६६ चा ऑक्टोबर. अब्बा तेव्हा तेरा वर्षांचे. असंच भात पिकलेलं, अशीच नासाडी. त्या काळी हाका घालायचे. वाडीतली माणसं डबे वाजवत रान उठवत यायची आणि बंदूकवाला तोंडाशी बसायचा. आमच्या घरात त्या जनावराचं नावही घेत नसत, खायचा तर प्रश्नच नव्हता. आजोबा मारायचे ते पिकासाठी, आणि मांस वाडीत वाटून जायचं. त्या दिवशी मोठा एकुलगा आला. आजोबांनी बार काढला. गोळी लागली, पण मागच्या बाजूला, मांडीत. जनावर बसलं आणि उठलं. आजोबांनी दांडा खाली ओढला. पुंगळी निघेना.

काडतुसं जुनी होती, पावसाळाभर कोंदट पेटीत राहिलेली. पुंगळी नळीत फुगून बसली होती. मार्टिनीचं हे दुखणं जुनंच. सुदानच्या मोहिमेत ब्रिटिश शिपायांनी हीच तक्रार केली होती. आजोबा दांड्याला झटके देत होते, चाकूचं टोक घालत होते. जखमी डुक्कर समोर येत नाही, आडोशाकडे वळतं. आडोशाला हाकेकरी होते. पहिले तात्या.

"सुळा इथून इथपर्यंत," अब्बांनी स्वतःच्या मांडीपासून गुडघ्याखालपर्यंत बोट नेलं. "मी झाडावर होतो. सगळं पाहिलं. भरती येईपर्यंत होडी हलेना. मग महाडला नेलं. जीव वाचला, पाय गेला. तात्या तेव्हा तीस वर्षांचे होते. त्यानंतर नांगर त्यांनी कधी धरला नाही."

आजोबांनी दुसऱ्या वर्षी दादीच्या पाटल्या विकून मुंबईहून ही बोल्टवाली आणली, जुनीच, पण दुरुस्त. मार्टिनी त्यांनी परत कधी रानात नेली नाही. वर्षातून दोनदा तेल देऊन भिंतीला टांगून ठेवायचे. मला वाटायचं, आवडती म्हणून एवढी जपत होते. तात्यांच्या घरी दरवर्षी आमच्याकडून भाताची दोन पोती जायची. तेही मला शेजारधर्म वाटायचं.

"तू सांगतोस ते खोटं नाही," अब्बा म्हणाले. "एकच गोळी आहे म्हटल्यावर माणूस नीट बघतो. अब्बाजी नीटच बघायचे. पण चुकलं तर काय, हे त्यांनी एकट्याने नव्हतं ना भोगायचं. पुढे उभा तात्या होता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला त्रास दंतकथा मोडल्याचा नव्हता. मी ज्याला संयम म्हणून मुलांपुढे मांडत आलो, त्यात मी कधी हाकेकऱ्याला उभंच केलं नव्हतं. माझ्या गोष्टीत एक शिकारी होता, एक जनावर होतं आणि एक गोळी होती. डबे वाजवत येणारी माणसं नव्हती. एका गोळीचा मान बंदूकवाल्याला मिळतो, जोखीम मात्र समोरून येणाऱ्याच्या अंगावर असते. सेलूसचीही गोष्ट आपण वाचतो. त्याच्या पुढे माग काढत चालणाऱ्यांची नावं कितीजणांना ठाऊक आहेत?

आणि जनावर? आपल्याकडे जनावर हलाल करताना सुरी धारदार असावी, त्याच्या यातना वाढू नयेत अशी शिकवण आहे. भेकर पडलं की जीव असेपर्यंत बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरवायला आजोबा धावत सुटायचे, असं अब्बा सांगतात. मग मांडीत गोळी घेऊन रानात मरत पडणाऱ्या जनावराचं काय? ते खायचं नाही म्हणून त्याला यातना होत नाहीत का? पाच गोळ्यांच्या पेटीकडे मी हाव म्हणून बघत होतो. आजोबांनी ती सुरीसारखी घेतली होती, सुरू केलेलं काम लवकर संपवण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी अब्बांना म्हणालो, "मग प्रश्न सुटला. मार्टिनी देऊ."

ते हसले. "एवढा सोपा नाही. तुझ्या चाचाचं ऐक आधी."

मुंबईहून सुट्टीला आलेल्या चाचांनी, तेव्हा विशीतल्या, एकदा आजोबांना न विचारता बोल्टवाली नेली आणि कळपावर पाचही गोळ्या झाडल्या. पडलं एकही नाही. दोन ठिकाणी रक्ताचा माग निघाला, आणि आजोबा दोन दिवस त्या मागावर फिरत राहिले. घरी येऊन त्यांनी काय केलं? बोल्ट काढला. ली पद्धतीच्या रायफलीचा बोल्ट सबंध हातात काढून घेता येतो, मग उरते ती नुसती नळी आणि लाकूड. तो बोल्ट त्यांनी भाताच्या कणगीत कुठेतरी पुरला आणि चाचांची सुट्टी संपेपर्यंत बाहेर काढला नाही. पुढेही सवय तीच. रायफल एका खोलीत, बोल्ट दुसऱ्या खोलीत, काडतुसं तिसऱ्या. रानात गेल्यावर पेटीत पाच भरायचे, पण पहिली गोळी अशी मारायचे जणू दुसरी नाहीच. दुसरी फक्त जखमीसाठी.

म्हणजे एका गोळीची शिस्त आजोबांनी सोडली नव्हतीच. ती त्यांनी बंदुकीतून काढून स्वतःकडे घेतली होती. बंदुकीने लादलेला संयम पुंगळी अडकली त्या दिवशी उपयोगाला आला नाही. माणसाने स्वतः पाळलेला संयम मात्र पाच गोळ्या हाताशी असतानाही टिकला. आणि ज्याच्यात तो नव्हता, त्या चाचांच्या हातात तीच रायफल वाईट ठरली.

अब्बांनी मग हिशेब मांडला. मार्टिनीची काडतुसं आता मिळत नाहीत. ती भिंतीवर शोभेची. बोल्टवालीची गोळी मिळते, आणि कधी वनखात्याची रीतसर परवानगी मिळालीच तर काम एका जागी संपेल, जखमी जनावर वाडीत शिरणार नाही. घरात मुलं आहेत, तर बोल्ट वेगळा कुलपात ठेवता येतो. मार्टिनीचा ठोकळा असा सहज निघत नाही. सगळे मुद्दे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला फक्त तो दस्ता, आजोबांच्या गालाने झिजलेला.

"तुम्हाला वाईट नाही वाटणार?" मी विचारलं.

"वाटेल ना. पण अब्बाजींनी ती आठवण ठेवायला टांगली होती. आता तुला कळलं. आता भिंतीवर नसली तरी चालेल."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. गोणपाटात गुंडाळलेली मार्टिनी मांडीवर घेऊन मी रिक्षात मागे बसलो, अब्बा पुढे. तात्यांचा मुलगा सोबत आला. त्याला तलाठी कार्यालयात वादळाच्या भरपाईचं विचारायचं होतं. ठाण्यातल्या हवालदारांनी नंबर ताडून पाहिला, दांडा खाली-वर करून बघितला आणि म्हणाले, "काय सुंदर चीज आहे हो. जिवावर येत असेल." अब्बा काही बोलले नाहीत. पावती घडी करून परवान्याच्या पुस्तकात ठेवली.

बाहेर चहा घेताना मी धीर करून तात्यांच्या मुलाला म्हणालो, "त्या दिवशी शेतात मी जे बोललो, मला माहीत नव्हतं."

"मला कळलं ते," तो म्हणाला. "आबांनी बंदुकीला कधी बोल लावला नाही. भाईंच्या वडिलांनाही नाही. पण ती टांगलेली दिसली की ओटीवर बसायचे नाहीत, अंगणातच थांबायचे. चहा तिथेच प्यायचे. तुमच्या दादींना वाटायचं, जातीमुळे."

अब्बांच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शाळेचे ऑनलाइन तास सुरू झाले तेव्हा मी मुलांना आजोबांची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी तात्यांसकट. एका मुलीने विचारलं, "सर, मग खोडरबर वापरायचं की नाही?" मी म्हटलं, "वापर. पण आधी विचार करून लिही."

तात्यांचा मुलगा परवा आला होता. अंगणात थांबला नाही, सरळ ओटीवर येऊन बसला. भिंतीवर दोन खिळे तेवढे आहेत. त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, इथे कॅलेंडर लावा आता."